माथ्यावरचे पाणी, पायथ्याची माणसे

आमच्या जालना जिल्ह्यात वर्षाचे ऋतू दोनच, असे जुनी माणसे म्हणत असत : विहिरीला पाणी असण्याचा एक आणि विहिरीचा तळ दिसण्याचा दुसरा. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद आणि परभणी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा अस्तित्वात आला. दक्षिण सीमेवरून गोदावरी जाते. पूर्णा, दुधना, कुंडलिका या नद्या आतून वाहतात. परंतु नकाशावरील निळ्या रेषा पाहून कोणी आमच्या भाग्याचा हेवा करू नये. पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आणि खाली काळा पाषाण. पाषाणावरील मुरुमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत जेवढे मुरेल तेवढेच आमचे. १९७२ च्या दुष्काळात माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या मोसंबीने जिल्ह्याला नाव दिले, तिच्या बागा उभ्या वाळल्या आणि मालकांनी स्वतःच्या हातांनी त्यांवर कुऱ्हाड चालवली. अशा भूमीत ख्रिस्तसभेने निसर्गाची काळजी घ्यावी, म्हणजे नेमके काय करावे, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घर करून आहे.

प्रश्न नवा नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणाच्या कार्याचे आश्रयसंत घोषित केले. जून २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्र प्रसृत केले आणि त्याच वर्षापासून १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. तेथपासून ४ ऑक्टोबर या संत फ्रान्सिस यांच्या सणापर्यंतचा काळ सृष्टीचा काळ म्हणून अनेक धर्मग्रामांत साजरा होतो. भित्तिपत्रके लागतात, मुले चित्रे काढतात, मिस्सानंतर आवारात रोपे लावली जातात. हे सर्व चांगलेच आहे. पण मराठवाड्यात सप्टेंबरात लावलेल्या रोपाला मुळे धरायला जेमतेम महिना मिळतो आणि एप्रिलात त्याच्याकडे पाहायला कोणी नसते. आमच्याकडे झाड लावण्याचा दिवस मृगाच्या पावसानंतरचा. झाड जगवण्याची कसोटी मात्र उन्हाळ्याची. युरोपच्या पंचांगाने आखलेला काळ जालन्याच्या मातीत रुजवायचा, तर आधी आपली माती आणि आपले पाणी वाचता आले पाहिजे.

ते कसे वाचावे याचा धडा आमच्याच जिल्ह्यात आहे. जालना तालुक्यातील कडवंची या गावाचे नाव आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी दूरवर घेतले जाते. १९९६ ते २००२ या काळात तेथे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाखाली काम झाले. विजयअण्णा बोराडे यांच्या पुढाकाराने मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने ते पार पाडले. याच मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र खरपुडी येथे आहे. कामाची रीत सांगायला सोपी, करायला कठीण. पाणी अडवायचे ते माथ्यापासून पायथ्याकडे. आधी टेकडीच्या उतारावर समपातळीतील चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, मग ओघळींत दगडी बांध आणि सर्वांत शेवटी नाल्यावरील बंधारा. पुढाऱ्यांना नाल्यावरचा बंधारा आधी हवा असतो, कारण त्याचे उद्घाटन करता येते, त्यावर नावाची पाटी बसवता येते. टेकडीवरच्या चराला पाटी लावता येत नाही. परंतु माथ्याची माती वाहत राहिली, तर पायथ्याचा बंधारा दोन-तीन पावसाळ्यांत गाळाने भरतो.

या कार्यक्रमाच्या मुळाशी एका धर्मगुरूचे आयुष्य आहे, हे आपल्या लोकांनाही फारसे ठाऊक नसते. फादर हर्मन बाखर हे येशूसंघीय धर्मगुरू मूळचे स्वित्झर्लंडचे. १९४८ साली ते भारतात आले आणि आयुष्याची साठाहून अधिक वर्षे त्यांनी प्रामुख्याने अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांमध्ये वेचली. दुष्काळात अन्न वाटून दुष्काळ हटत नाही, विहिरी खोदून दिल्या तरी पाण्याचा साठा वाढत नाही, सगळ्या पाणलोटाचाच विचार करावा लागतो, हे त्यांना अनुभवाने उमगले. जर्मन शासनाचे साहाय्य, नाबार्डची व्यवस्था आणि गावोगावच्या स्वयंसेवी संस्था यांना जोडणारा हा कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्या साथीने त्यांनी ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा कार्यक्रम केवळ ख्रिस्ती घरांसाठी नव्हता; सेवेसाठी गावात आपली माणसे असावी लागतात, असे त्यांनी मानले नाही.

या कार्यक्रमाची एक अट मला फार अर्थपूर्ण वाटते. गावाला निधी मिळण्यापूर्वी गावाने श्रमदान करून आपली तयारी दाखवायची. मग ग्रामसभेने नियम स्वीकारायचे : झाड तोडायचे नाही, डोंगरावर मोकाट जनावरे सोडायची नाहीत, ठरलेले श्रम द्यायचे. पैसा नंतर, नियम आधी. आपण ख्रिस्ती मंडळी व्रत, उपवास आणि समूहाचे नियम यांत वाढलेली. तेव्हा कडवंचीच्या कामाचे मर्म आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळायला हवे. डोंगर हिरवा झाला तो यंत्रांनी नव्हे. अनेकांनी एकाच वेळी काहीतरी सोडले, म्हणून तो हिरवा झाला.

मात्र ‘अनेकांनी सोडले’ हे वाक्य लिहिताना माझा हात थोडा थबकतो. कारण सोडणारे सगळे सारखे नसतात.

माझ्या मावशीची गोष्ट सांगते. तिच्या गावाचे नाव मी घेत नाही. तिथेही अशाच एका योजनेत डोंगर चराईला बंद झाला. मावशीकडे जमीन नव्हती. तीन शेळ्या होत्या. शेळीला गरिबाची गाय म्हणतात, ते उगीच नव्हे. आजारपण, लग्न, मुलांच्या वह्या, सगळे तिच्याच जिवावर. बंदी झाली तेव्हा मोठ्या शेतकऱ्यांनी आपल्या बांधांवरच्या गवतावर गायी-म्हशी पोसल्या. मावशीने शेळ्या विकल्या. दोन वर्षांनी डोंगरावर कमरेएवढे गवत आले. गावाने त्याचा लिलाव केला आणि बोली लावण्याइतके पैसे जिच्याजवळ नव्हते, तिच्या वाट्याला त्या गवताची एक पेंढीही आली नाही. विहिरींचे पाणी वाढले, ते ज्यांच्या विहिरी होत्या त्यांचे. मावशी ऊसतोडीला जात होती, ती पुढेही जात राहिली.

मराठवाड्यातील आपल्या धर्मबांधवांपैकी कितीतरी घरे मावशीच्या पंक्तीत बसणारी आहेत. ज्यांच्या सातबारावर नाव नाही, ज्यांचे वर्ष गावातल्या मजुरीत आणि साखर कारखान्याच्या तळावरील कोपीत विभागलेले आहे, अशी ही माणसे. आमच्या धर्मग्रामात पाण्याविषयी सभा भरली, तेव्हा मी उत्साहाने चर, बांध, पाझर यांविषयी बोलले. मागच्या रांगेतून एका वृद्ध बाईंनी विचारले, “बाई, जिच्या नावावर वावरच नाही, तिनं पाणी कुठं जिरवावं?” सभेत कोणी हसले नाही. मी ३४ वर्षे शाळेत शिकवले. इतका नेमका प्रश्न मला फार थोड्यांनी विचारला असेल.

या प्रश्नाला महाराष्ट्रात एक उत्तर पूर्वीच दिले गेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. त्यांचा नियम असा की, पाणी जमिनीला नव्हे, माणसाला मिळावे : घरात जितकी माणसे, त्या प्रमाणात माणशी अर्ध्या एकराचे पाणी, ऊस लावायचा नाही, आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. इंडो-जर्मन कार्यक्रमातही भूमिहीन आणि निराधार घरांना श्रमदानातून सूट होती. म्हणजे न्यायाचा विचार करता येतो आणि तो नियमांत लिहिताही येतो. तो आपोआप होत नाही, एवढेच. आपल्या जालन्याच्या इतिहासातही याचे एक बीज आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही वसाहत वसवली. तीसाठी त्यांनी हैदराबाद संस्थानाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली होती. ते आपल्या पंथाचे नव्हते. परंतु श्रद्धा स्वीकारलेल्या माणसाला पाय टेकायला जमीनही लागते, हे त्यांनी ओळखले होते.

उत्पत्तीच्या पुस्तकात इसहाकाची कथा आहे. अब्राहामाने खणलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजवलेल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या. नवीन विहीर खणली, तर स्थानिक गुराखी भांडायला आले. त्याने ती सोडली. दुसरी खणली, तिच्यावरूनही भांडण झाले, तीही सोडली. तिसरीवर कोणी भांडले नाही, तेव्हा त्याने तिला ऐसपैस जागेचे नाव दिले. ही कथा आपण इसहाकाच्या सहनशीलतेची म्हणून ऐकतो. मला तीत आमच्या जिल्ह्याचा आरसा दिसतो. विहीर खणणे हे अर्धेच काम. ज्या विहिरीवर भांडण उरत नाही, तीच पूर्ण झालेली विहीर.

त्या सभेनंतर आमच्या धर्मग्रामपरिषदेने ठरवले की, ज्यांच्याजवळ जमीन नाही त्यांची जमीन म्हणजे देवळाचे आवार. ते सर्वांचे आहे. पाणी जिरवायचे ते येथून. हिशेब मांडला तेव्हा आमचे आम्हालाच आश्चर्य वाटले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. देवळाचे छप्पर २०० चौरस मीटरचे धरले आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर, तर १ लाख ४० हजार लिटर. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला असे समजले, तरी १ लाख १२ हजार लिटर उरतात. म्हणजे ४० घरांना ४० दिवस, रोज ७० लिटर, चार-पाच हंडे. प्रायश्चित्तकाळाचे दिवस ४० असतात, हे कोणीतरी लगेच बोलून दाखवले. अर्थात जमिनीत मुरलेले पाणी असे मोजून परत मिळत नाही. त्यातील काही शेजारच्या विहिरीत जाते, काही खोल उतरते. पण ज्या छपराखाली आपण पावसासाठी प्रार्थना करतो, त्याच छपरावरचा पाऊस गटारात सोडतो, ही विसंगती त्या आकड्याने सर्वांना दिसली.

काम साधे होते. पन्हाळी बसवली, नळ खाली आणला आणि विहिरीच्या बाजूला खड्डा घेऊन त्यात खाली मोठे दगड, वर खडी, त्यावर कोळसा आणि वाळू भरली. पहिल्या पावसाचे पाणी छपरावरची धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येते. ते बाहेर सोडायचे, पुढचे खड्ड्यात घ्यायचे. पाणी थेट विहिरीत ओतायचे नाही, गाळून मुरू द्यायचे. गवंडी आमच्यातलाच, खड्डा तरुणांनी खणला. हात धुण्याच्या नळाचे सांडपाणी केळी आणि अळूकडे वळवले. दफनभूमीत आम्ही नवी फरशी घालणे थांबवले. कबरींच्या मधल्या जागेत कडुनिंब आणि करंज लावले, आणि प्रत्येक झाड एका घराकडे सोपवले. ज्या घराचा माणूस जवळ निजला आहे, ते घर एप्रिलातही झाडाला तांब्याभर पाणी घालायला येते, हे आम्हाला नंतर कळले. सणाच्या जेवणावळीला पत्रावळी आणि मातीचे रांजण आले. नाताळच्या गव्हाणीतला थर्माकोल गेला आणि त्याची जागा ज्वारीच्या कडब्याने घेतली. राज्यात २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली होतीच. वेदीवरची कोमेजलेली फुले कचऱ्यात न जाता खताच्या खड्ड्यात जातात. ही कामे लहान आहेत. कोणत्याही धर्मग्रामाला ती एका वर्षात करता येतील आणि त्यांसाठी कोणाही दात्याची वाट पाहावी लागणार नाही.

खरा प्रश्न तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये उभा राहिला. आवाराच्या विहिरीला पाणी होते आणि पलीकडच्या वस्तीवर नव्हते. वस्ती आपल्या लोकांची नव्हती. परिषदेत दोन मते पडली. काहींचे म्हणणे, घाम आमचा, पन्हाळी आमची. आधी धर्मग्रामाची घरे, उरले तर इतरांना. हे म्हणणारे दुष्ट नव्हते. त्यांच्याही घरी हंडे रिकामे होते. दुसऱ्यांचे म्हणणे, पाऊस विचारून पडला नाही, तर विहीर विचारून कशी देणार? आमच्या धर्मगुरूंनी प्रवचन दिले नाही. पास्काच्या पूर्वरात्री आपण ज्या पाण्याला आशीर्वाद देतो, ते कोठून भरून आणतो, एवढेच त्यांनी विचारले. शेवटी ठरले ते असे : फाटक सकाळी दोन तास सर्वांना उघडे, प्रत्येक घराला, ते कोणाचेही असो, माणशी ठरलेले पाणी, विहिरीवर पंप लावायचा नाही, रहाटानेच शेंदायचे, आणि पाणी ठराविक खुणेखाली गेले की सर्वांचा वाटा सारखाच कमी करायचा. वस्तीतील दोन स्त्रिया आणि आमच्यातील दोन स्त्रिया मिळून हे पाहतात. कारण पाण्याचा हिशेब ज्यांच्या डोक्यावरून गेलेला आहे, त्यांनाच तो नीट ठेवता येतो. कुरबुरी झाल्या, अजूनही होतात. पण फाटक बंद झालेले नाही.

पंप न लावण्याचा आग्रह काहींना जुनाट वाटला. त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. शेततळे हे मुळात पावसाचे वाहते पाणी साठवण्यासाठी. परंतु मराठवाड्यात आणि नगर-नाशिक भागात कितीतरी शेततळी आता प्लास्टिक अंथरून विहिरींतून आणि कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्याने भरली जातात. जमिनीखाली जे सर्वांचे होते ते वर आणून एकाचे केले जाते, आणि उन्हाने त्यातले बरेच उडूनही जाते. अभ्यासकांनी हा धोका दाखवून दिला आहे. मी शेतकऱ्याला दोष देत नाही. बाग जगवण्याची त्याची धडपड मी पाहिली आहे. पण पाणी अडवा, पाणी जिरवा हा मंत्र आपण पाठ केला, आणि जिरलेले पाणी वाटा हा त्याचा तिसरा चरण कोणी शिकवलाच नाही. आमच्या आवारापासून हाकेच्या अंतरावर नवी कूपनलिका झाली, त्या वर्षी आमच्या विहिरीचे पाणी लवकर उतरले. जमिनीखाली कुंपण नसते. म्हणून एका देवळाचे काम पुरे पडत नाही. शेजाऱ्यांशी, ग्रामपंचायतीशी, इतर धर्मीयांशी बसून बोलावे लागते. बाखर फादरांच्या कामातून घ्यायचा धडाही हाच आहे.

यासाठी आपल्याजवळ एक साधन तयार आहे, ते म्हणजे प्रायश्चित्तकाळ. भस्मबुधवार येतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे आमच्याकडे विहिरी उतरू लागतात तेव्हा. आणि पास्काचा सण येतो तो कडक उन्हाळ्याच्या तोंडावर. ज्या काळात चर्चने आपल्याला उपवास, प्रार्थना आणि दान सांगितले, तोच मराठवाड्यात टंचाईचा काळ आहे. मांसाहार सोडणे ज्यांना रोजच परवडत नाही, त्यांना तो सोडायला सांगण्यात काय अर्थ? त्याऐवजी ज्याच्या घरी नळ आहे, कूपनलिका आहे, त्याने ४० दिवस रोज दोन हंडे ज्याच्या घरी काही नाही त्याला द्यावेत. ज्याचे शेत आहे त्याने बांधावरचे गवत शेळीवाल्या बाईला कापू द्यावे. असा उपवास कोणाला दिसणार नाही. पण शेजाऱ्याच्या चुलीवर त्याची भाजी शिजेल.

आमच्या धर्मग्रामात आता एक पाण्याची वही आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी विहिरीत दोरी सोडून पाणी किती हातांवर आहे ते मोजतात आणि मिस्सानंतरच्या सूचनांत, लग्नाच्या घोषणा आणि दानपेटीचा जमाखर्च यांच्याबरोबर, तो आकडा वाचला जातो. प्रारंभी लोकांना त्याची गंमत वाटे. आता आकडा वाचताना देवळात शांतता असते.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी वसईत असेल, कोणी नगरकडे, कोणी मुंबईच्या बहुमजली इमारतीत. प्रत्येकाचे पाणी निराळे, प्रत्येकाचा पायथा निराळा. तरी माझी विनंती एकच. येत्या रविवारी आपल्या धर्मग्रामाची विहीर, टाकी किंवा छप्पर मोजून पाहा. आणि मग त्या पाण्यावर हक्क कोणाकोणाचा, हे एकत्र बसून ठरवा. पहिल्या कामाला एक दोरी पुरते. दुसऱ्याला सगळा धर्मग्राम लागतो, आणि फाटकापलीकडचे शेजारीही.